मिळून केलेली उजळणी

मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर हातकणंगले हें स्थानक लागतें. इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदीची कारागिरी आणि पंचगंगा-वारणेच्या पाण्यावर पोसलेले उंसाचे मळे यांमुळें हा तालुका सर्वांस परिचित आहे. उन्हाळ्याची चाहूल लागली कीं येथेंही परीक्षेचे दिवस येतात. अशा एखाद्या संध्याकाळीं कोणाच्या तरी घराच्या सोप्यावर अकरावींतील चार विद्यार्थी रसायनशास्त्राचें पुस्तक पुढें घेऊन बसले आहेत, असें चित्र डोळ्यांसमोर आणावें. घरांतील वडील माणसांस वाटतें, अभ्यास कसला, गप्पाच चालल्या असतील! ही शंका अगदींच निराधार नाहीं. तथापि चौघांनीं मिळून केलेली उजळणी केव्हां फलदायी होते आणि केव्हां वायां जाते, याचा थोडा विचार केल्यास तिची खरी किंमत कळून येईल.

अकरावीचें रसायनशास्त्र अनेकांस अवघड कां जातें? पहिलें कारण भाषेचें आहे. दहावीपर्यंत मराठींतून शिकलेल्या मुलानें ‘मूलद्रव्य’, ‘संयुजा’, ‘क्षपण’ हे शब्द आत्मसात केलेले असतात. अकरावींत विज्ञानशाखेंत पाऊल टाकतांच तेच पदार्थ ‘एलेमेंट’, ‘व्हॅलन्सी’, ‘रिडक्शन’ अशीं परकीं नांवें धारण करून समोर उभे राहतात. वस्तु ओळखीची असूनही चेहरा अनोळखी वाटतो. वर्गांत साठ-सत्तर जणांदेखत विचारावयास संकोच होतो. परंतु सोप्यावर बसलेली मैत्रीण सहज म्हणते, “अगं, रिडक्शन म्हणजे आपलें क्षपणच कीं!” आणि आठवडाभर अडलेली गाडी क्षणांत पुढें सरकते.

दुसरें कारण विषयाच्या स्वरूपांत आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या अणूंचा हिशेब येथें तराजूंत तोलून करावयाचा असतो. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत तांब्याचा तुकडा सोडला, तर तांबें विरघळूं लागतें आणि चांदी सुटी होऊन त्यावर जमते. आतां प्रश्न असा कीं, ६३.५ ग्रॅम तांबें विरघळलें तर किती चांदी सुटेल? तांब्याचा अणुभार ६३.५ आणि चांदीचा १०८. एक विद्यार्थी तत्काळ सांगतो, “१०८ ग्रॅम.” दुसरा म्हणतो, “२१६.” दोघेही आपापल्या उत्तराविषयीं निःशंक असतात. तिसरी मुलगी विचारते, “२१६ कां, तें सांग बरें.” आणि बरोबर उत्तर देणाराच अडखळतो, कारण त्यानें उत्तर पाठ केलेलें असतें. अखेर चौथा उलगडा करतो कीं, तांब्याचा एक अणु दोन इलेक्ट्रॉन देतो, चांदीच्या आयनास मात्र एकच लागतो. म्हणून तांब्याच्या एका अणूमागें चांदीचे दोन अणू सुटतात. या पांच मिनिटांत चौघांसही कांहीं ना कांहीं लाभलें. चुकणाऱ्यास आपली चूक कोठें होती तें दिसलें, पाठ करणाऱ्यास कारण मिळालें, विचारणारीस प्रश्न विचारण्याचें बळ आलें, आणि समजावणाऱ्याचें ज्ञान बोलतां बोलतां पक्कें झालें.

हीच गोष्ट ‘मोल’ या कल्पनेची. १८११ सालीं इटालियन शास्त्रज्ञ अव्होगाद्रो यानें असें मांडलें कीं, समान तापमान व समान दाब असतां सारख्याच आकारमानाच्या निरनिराळ्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. पुढें त्याच्याच नांवानें ओळखली जाणारी संख्या २० मे २०१९ पासून मोलच्या व्याख्येंत कायमची निश्चित करण्यांत आली आहे. ती स्थूलमानानें ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतकी आहे. एवढी प्रचंड संख्या ऐकूनच नवशिका गोंधळतो. साखर कारखान्यांत उंसाचा रस निवळण्यासाठीं चुना वापरतात, हें या भागांतील मुलांस ठाऊक असतें. तो चुना चुनखडी भाजून मिळतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ ग्रॅम चुना उरतो. मग उरलेले ४४ ग्रॅम गेले कोठें? असा प्रश्न कोणीतरी काढला, आणि ते कर्बद्विप्राणिल वायूच्या रूपानें उडून गेले असें दुसऱ्यानें दाखवून दिलें, म्हणजे वस्तुमान नाहींसें होत नाहीं हा नियम पुस्तकाच्या पानावरून उठून मळ्याशेजारच्या धुराड्यापर्यंत जाऊन पोंचतो.

या अनुभवास शास्त्रीय प्रयोगांचाही आधार आहे. २००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा चार वेळां वाचला. दुसऱ्या कांहींनीं तो एकदांच वाचून तीन वेळां न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेंत वारंवार वाचणाऱ्यांना सुमारें ८३ टक्के, तर आठवणाऱ्यांना ७१ टक्के भाग सांगतां आला. आठवड्यानंतर मात्र पारडें फिरलें: वाचणाऱ्यांस ४० टक्के, आठवणाऱ्यांस ६१ टक्के! पुन्हां पुन्हां वाचल्यानें ‘येतें’ असा भास होतो, आणि तोच भास परीक्षेच्या दालनांत दगा देतो. सोबती प्रश्न विचारतो तेव्हां पुस्तक मिटलेलें असतें, हाच त्याचा मोठा उपकार होय.

बर्कली येथील विद्यापीठांत यूरी ट्रीझमन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत असें पाहिलें होतें कीं, गणितांत मागें पडणारे कित्येक कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते. ते तासन्‌तास अभ्यास करीत, पण एकटे. त्याच वर्गांतील चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र जमून एकमेकांचीं उत्तरें तपाशीत. यावरून मिळून गणितें सोडविण्याचे वर्ग सुरू झाले. पुढें न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत प्राथमिक रसायनशास्त्रासाठींही अशाच धर्तीची पद्धति रूढ झाली.

परंतु नुसतें एकत्र बसणें म्हणजे मिळून अभ्यास करणें नव्हे. एकानें गणित सोडवावें आणि तिघांनीं उतरून घ्यावें, ही तर शुद्ध फसवणूक. कारण परीक्षेस प्रत्येकास एकट्यानेंच बसावयाचें असतें. कधीं कधीं चौघांचेंही एकमत चुकीच्या उत्तरावर होतें. म्हणून प्रथम प्रत्येकानें स्वतंत्रपणें सोडवावें, मग पडताळावें. ‘किती’ इतकेंच न विचारतां ‘कां’ हेंही विचारावें. आणि वाद उरला तर पुस्तक वा शिक्षक यांजकडून तो मिटवावा. समजावण्याचें काम नेहमीं हुशार मुलाकडेच न देतां पाळीपाळीनें फिरवावें.

याच तालुक्यांतील कुंभोज येथें २२ सप्टेंबर १८८७ रोजीं भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत जीं वसतिगृहें उभीं केलीं त्यांचा काळ त्यांनीं जवळून पाहिला. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास जें वसतिगृह काढलें तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं राहूं, जेवूं आणि शिकूं लागलीं. ज्याच्या घरीं शिकलेलें कोणी नाहीं त्यास शेजारीं बसलेला सोबती हाच मोठा आधार, हें त्या वसतिगृहानें दाखवून दिलें.

ज्या घरांत आईवडील स्वतः शिकलेले आहेत, वेगळी खोली आणि दिवा आहे, तेथें मुलाचें एकदोन गणित अडलें तरी निभावून जातें. ज्या घरांत हें कांहींच नाहीं, तेथें रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेंत आलेलें अपयश पुष्कळदां विज्ञानशाखेचाच निरोप ठरतें. म्हणून सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या मुलाच्या सोबत्यांस, विशेषतः दुरून येणाऱ्यांस, संध्याकाळचे दोन तास एक खोली मोकळी करून द्यावी. आणि मुली आल्या असतील तर त्यांस अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोंचविण्याची काळजी घ्यावी. भिंतीवर एक लहानसा फळा असला तर उत्तमच. खोलींतून आवाज वाढला म्हणून लगेच दटावूं नये. तांब्याच्या एका अणूमागें चांदीचे अणू किती, यावरच कदाचित् तें भांडण जुंपलेलें असेल!