फुटण्याच्या क्षणाचे चित्र
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



अम्मीच्या हातून काचेचा पेला पडला की आपल्याला दोनच गोष्टी दिसतात. आधी पेला अखंड होता, आता त्याचे तुकडे झाले. मधला क्षण डोळ्यांना सापडत नाही. त्या क्षणाचे छायाचित्र घेणाऱ्या दोन अभ्यासकांविषयी मी आज थोडे बोलणार आहे.

पहिले इंग्लंडमधील भौतिकीचे अध्यापक आर्थर वर्दिंग्टन. पडणारा थेंब कसा फुटतो, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. अंधारात विजेची ठिणगी पाडावयाची आणि क्षणभर जे दिसेल ते कागदावर उतरवावयाचे, ही त्यांची रीत. त्यांच्या चित्रांतील तुषार अगदी रेखीव, सारख्या अंतरावर असत. १८९४ साली त्यांना छायाचित्रे घेता आली, तेव्हा खरे तुषार वेडेवाकडे निघाले! रेखीवपणा थेंबात नव्हता, पाहणाराच्या मनात होता. वर्दिंग्टन यांनी हे मोकळेपणाने जगापुढे मांडले.

दुसरे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक हॅरोल्ड एजर्टन (१९०३–१९९०). वायू भरलेल्या नळीतून साठविलेली वीज एकदम सोडून त्यांनी अतिशय अल्पकाळ टिकणारा लख्ख प्रकाश निर्माण केला. १९६४ साली त्यांनी सफरचंदातून आरपार जाणाऱ्या बंदुकीच्या गोळीचे चित्र घेतले. खोलीत अंधार, कॅमेरा आधीच उघडा. गोळीचा आवाज मायक्रोफोनवर आदळताच दिवा लखलखला. गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने जात होती. पण प्रकाश सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी काळ टिकल्यामुळे ती हवेत थबकल्यासारखी दिसते. आणि आश्चर्य असे की, गोळी जेथून आत शिरली तेथूनही गर बाहेरच उसळलेला आहे.

एजर्टन स्वतःला कलावंत म्हणवून घेत नसत. मी अभियंता आहे, असेच ते सांगत. तरीही दुधाच्या थेंबातून उमटणाऱ्या मुकुटाचे त्यांचे चित्र १९३७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रदर्शनात लागले. सौंदर्य त्यांनी वरून चढविले नव्हते. जे होते ते नीट पाहिले, एवढेच.

पालकांना माझी विनंती आहे की, चित्रकला म्हणजे वेळ दवडणे आणि विज्ञान म्हणजे गुण मिळविणे, अशी वाटणी मुलांच्या मनात करू नका. "हे कसे फुटले?" असे मुलाने विचारले, तर रागावण्यापूर्वी त्याच्याबरोबर ते तुकडे पाहा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत पुस्तकातली आकृती उतरवू नका. तुमच्या डोळ्यांना जे दिसले तेच काढा, मग ते वेडेवाकडे का असेना. वर्दिंग्टन यांना जे कळायला इतकी वर्षे लागली, ते तुम्हाला आजच कळले तर या संस्थेचे श्रम सार्थकी लागले, असे मी मानीन.