खिशाला परवडणारा बिनतारी कॉलर माईक कसा निवडावा?
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



१९५६ साली पुणे आकाशवाणीने सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी चावडीत किंवा शाळेत एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्या वेळी बोलणारा शहरात होता आणि ऐकणारा गावात. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यामुळे गावसुद्धा बोलू लागले आहे. कोणी भाजीची जाहिरात करतो, बचत गटाची ताई सुक्या मासळीचा व्हिडिओ काढते, कोणी आपल्या शेतातली अडचण साहेबांना दाखवतो.

आता आपल्या उरणचेच उदाहरण घ्या. आवरे, गोवठणे, पुनाडे या बाजूची खारी जमीन बंदिस्तीच्या भरवशावर पिकते. मोठ्या उधाणाला बंदिस्तीला खांड पडली आणि खारे पाणी भातात शिरले, की शेतकरी बांधावर उभा राहून व्हिडिओ काढतो. पाणी दिसते, बुडालेले भात दिसते. पण खांड कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी पडली, किती जणांचे शेत गेले, हे तो सांगत असतो तेव्हा कानावर येतो तो नुसता वाऱ्याचा घोंघाट. पाहणारा अर्ध्या मिनिटात व्हिडिओ बंद करतो. एवढी महत्त्वाची गोष्ट, पण आवाजावाचून वाया जाते. तेव्हा आज आपण माईकचा विचार करू.

आवाज बिघडतो कशाने?

मोबाईलचा माईक वाईट नसतो, तो लांब असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथाई होतो. मोबाईल दहा फुटांवर धरला, तर तुमचा आवाज त्याच्यापर्यंत जाईतो अगदी क्षीण होतो. वारा मात्र थेट मोबाईलवरच आपटत असतो, शिवाय रस्त्यावरच्या कंटेनर गाड्यांचा आणि पंपाचा आवाज असतोच. माईक छातीवर, हनुवटीच्या वीतभर खाली लावला, की तुमचा आवाज मोठा आणि बाकीचे आवाज लहान होतात. कॉलर माईकचा खरा गुण एवढाच. तो महाग असो की स्वस्त, जवळ असणे महत्त्वाचे.

आधी घरात काय आहे ते पाहा

पैसे खर्च करण्याआधी दोन बिनखर्ची उपाय करून पाहा. घरात जुना दुसरा मोबाईल असेल, तर त्यावर आवाज मुद्रित करण्याची सोय चालू करून तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. पुढे घरातल्या मुलामुलींना ती टाळी जुळवून आवाज व्हिडिओला जोडता येतो. दुसरा उपाय म्हणजे तारेच्या हेडफोनचा माईक. मोबाईल हाताच्या अंतरावर असेल, तर तोच गळ्याशी टाचून काम भागते.

त्यानंतरची पायरी तारेच्या कॉलर माईकची. तो काही शे रुपयांपासून मिळतो, लांब तारेचाही मिळतो. त्याला चार्जिंगची कटकट नाही आणि तुटक आवाजाची भीती नाही. एका जागी बसून बोलायचे असेल, तर तारेचाच घ्या, असा माझा सल्ला राहील. मात्र तुमच्या मोबाईलला गोल भोक आहे की नाही, हे आधी पाहा. नव्या बऱ्याच मोबाईलला ते नसते, मग वेगळा जोड लागतो.

बिनतारी केव्हा घ्यावा?

चालत चालत बांध दाखवायचा असेल, वाफ्यात उतरून रोप हातात घेऊन बोलायचे असेल, किंवा मोबाईल दुसऱ्याच्या हातात लांब असेल, तर बिनतारी माईक उपयोगी पडतो. त्याचे दोन भाग असतात. एक भाग छातीवर टाचायचा, दुसरा मोबाईलच्या चार्जिंगच्या जागी खोचायचा. दोघांमध्ये रेडिओ लहरींनी आवाज जातो. साधा प्रकार पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास मिळतो. चार्जिंगची डबी, दोन माईक आणि बरी बनावट हवी असेल, तर दोन हजारांच्या पुढे जावे लागते. एकट्यानेच बोलायचे असेल, तर एक माईक पुरे. आजोबांना विचारून खारीत रहू कसा टाकतात हे नातवाला दाखवायचे असेल, तर दोन माईकचा संच घ्यावा.

दुकानात काय तपासावे?

पहिली गोष्ट, आपला स्वतःचा मोबाईल बरोबर न्या. टाईप-सी की आयफोनचे जुने लायटनिंग, हे जुळले पाहिजे. २०२३ पासूनच्या नव्या आयफोनला टाईप-सी आहे. मोबाईलचे कव्हर जाड असेल, तर भाग पूर्ण आत बसत नाही. काही मोबाईलमध्ये सेटिंगमध्ये 'ओटीजी' चालू करावे लागते. काहींचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माईक ओळखत नाही, मग माईक निवडता येईल असे कॅमेऱ्याचे दुसरे अ‍ॅप घ्यावे लागते. हे सगळे दुकानातच करून पाहा.

दुसरी गोष्ट, दुकानाबाहेर वीस पावले चालत जा आणि बोला. मग पाठ फिरवून बोला. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या जागेतले असते. आपल्या अंगात पाणी आहे, आणि पाणी या लहरी अडवते. पाठ फिरवल्यावर शब्द तुटत असतील, तर तो माईक शेतात चालणार नाही.

तिसरी गोष्ट, कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. हात जुळतो त्याच क्षणी आवाज आला पाहिजे. मागाहून आला, तर ओठ एकीकडे आणि शब्द एकीकडे होतील.

चौथी गोष्ट, पंख्याखाली बोलून पाहा. गोंगाट कमी करण्याची कळ असते, ती चालू आणि बंद दोन्ही करता आली पाहिजे. काही स्वस्त माईकांत ती कायमची चालू असते आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो, शब्दांची शेवटची अक्षरे खाल्ली जातात.

पाचवी गोष्ट, ऐकताना खोचलेला भाग काढून ऐका. तो तसाच ठेवला, तर काही मोबाईलमधून आवाज बाहेरच येत नाही आणि माईक बिघडला असे उगीच वाटते.

शेवटी पक्के बिल आणि हमीपत्र मागा. आतली बॅटरी सहसा बदलता येत नाही, म्हणून हमीला महत्त्व आहे.

वारा, खारी हवा आणि दागिने

आपल्याकडे उघाडीच्या दिवसांत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून चित्रण सकाळीच उरकावे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे छातीवरचा माईक आडोशाला येतो. माईकबरोबर केसाळ टोपी मिळते, ती घ्याच. नुसत्या स्पंजाने किनाऱ्यावरचा वारा अडत नाही.

भगिनींनी माईक पदराला न लावता ब्लाउजच्या काठाला किंवा खांद्यावरच्या पिनेजवळ लावावा. मंगळसूत्र माईकवर आपटणार नाही, एवढे पाहावे. पुरुषांनी सदऱ्याच्या गुंड्यांच्या पट्टीवर लावावा.

खारी हवा धातूला खाते. काम झाले की माईक कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी लहान पुडी येते, ती टाकून न देता त्या डब्यात ठेवावी. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात माईक ठेवू नका, बॅटरी लवकर जाते.

एक माईक, पाच घरे

प्रत्येकाने वेगळा माईक घेतलाच पाहिजे असे नाही. पाच-सात शेतकऱ्यांनी किंवा एका बचत गटाने मिळून बरा संच घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे पैसे येतात. वहीत नेल्याची आणि परत दिल्याची नोंद ठेवावी. परत देणाऱ्याने चार्ज करून द्यावा, एवढा नियम केला की भांडण होत नाही.

आणि हो, खांड पडल्याचा व्हिडिओ कितीही चांगला झाला, तरी तो म्हणजे पंचनामा नव्हे. नुकसान झाल्याबरोबर ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपण ज्यांना तलाठी म्हणत आलो त्यांना, आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला, लेखी कळवा. व्हिडिओत आधी तारीख, वेळ, गाव आणि गट नंबर सांगा, मग बाकीचे बोला. सुरुवातीचे हे चार शब्द स्वच्छ ऐकू आले, तर पुढे दाखवताना उपयोग होतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. माईक तोंडाच्या जवळ असणे हे किमतीपेक्षा मोठे.
२. बसून बोलायचे असेल तर तारेचा, फिरून बोलायचे असेल तर बिनतारी.
३. आपल्या मोबाईलवर लावून, पाठ फिरवून आणि टाळी वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.
४. केसाळ टोपी आणि घट्ट डबा हे किनाऱ्यावरच्या माणसाला आवश्यक.
५. दर वेळी आधी अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ऐका, मगच खरे काम सुरू करा.

बोलताना पुस्तकी भाषेची गरज नाही. घरात बोलता तशी आगरी बोला, कोळी बोला. खार कशी राखायची, पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेले की नाही हे कसे ओळखायचे, हे ज्ञान आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे आणि ते सगळे पुस्तकात उतरलेले नाही. येत्या लावणीच्या आत घरातल्या एका जाणत्या माणसाचे बोलणे तरी नीट मुद्रित करून ठेवा.