घामाचा हिशेब

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी भिवंडीत कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेत काम करतो. लोकांना वाटते, आमचे काम म्हणजे मोर्चे आणि घोषणा. खरे काम कागद शोधण्याचे! यंत्रमागावरचा कारागीर बारा-बारा तास उभा राहतो. मजुरी मीटरवर, हिशेब मात्र मालकाच्या वहीत. दहा वर्षे राबलेला एकजण दाद मागायला आला, तेव्हा तो तेथे कामाला होता हेच आम्हाला सिद्ध करता आले नाही. त्या दिवशी मी मान खाली घालून घरी गेलो. दुसऱ्या एकाच्या मुलीने रोजचे मीटर शाळेच्या वहीत टिपून ठेवले होते. त्या वहीपुढे मालक तडजोडीस तयार झाला.

किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे ही वेठबिगारीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. घाम वाळण्याआधी मजुरी चुकती करावी, ही तर आपल्या पैगंबर साहेबांची शिकवण. पण कायद्याला पुरावा लागतो.

म्हणून मुलामुलींनो, आजपासून रोज रात्री अब्बांजवळ बसा. कामाचे तास, मीटर, हाती आलेली रक्कम, घेतलेली उचल, सारे तारखेनिशी लिहा. तुमच्या शिक्षणाचा पहिला हक्कदार घरातच आहे.

खुदा हाफिज.