गुडघ्यात नव्हे, हाडात पाणी

आम्ही डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाले. पण गेल्या समरमध्ये क्रिकेट खेळताना आमच्यातल्या एकाचा गुडघा पिरगळला. एक्स-रे नॉर्मल! "काही नाही रे, शेक घे," म्हणत आम्हीच त्याला पुढच्या रविवारी बॅटिंगला उभं केलं. मग एमआरआय झाला, तेव्हा कळलं : एसीएल लिगामेंट तुटलंय आणि हाडाच्या आत मुका मार आहे.

एक्स-रेला दिसतं ते हाडातलं कॅल्शियम. एमआरआय मात्र पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचं चित्र काढतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्यातली मज्जा बहुतेक पिवळी, चरबीची. त्या चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबला (आमच्या भाषेत फिल्टर!) की मज्जा काळी पडते आणि मारामुळे साचलेलं पाणी पांढरं चमकतं. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीच्या मागच्या-बाहेरच्या कडेला असे डाग दिसले, की एसीएलचा संशय येतोच. गुडघा निसटताना ही दोन हाडं तिथेच एकमेकांवर आपटतात.

आमच्या मित्राकडे इन्शुरन्स होता. गावाकडे कित्येकांची तपासणी एक्स-रेपाशीच थांबते. आजचा निधी त्यांच्यासाठी आहे. पेटी चहाच्या टेबलाशेजारी ठेवलीय.