संन्यासाची उमेदवारी

मलकापूर ही कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरील जुनी पेठ. आंबा घाट चढून आलेला माल येथे उतरे, आणि अशा पेठेत दुकानाच्या गादीवर बसण्यापूर्वी मुलाला कित्येक वर्षे उमेदवारी करावी लागे. संन्यासाला मात्र उमेदवारी लागते, असे आपणांस सहसा वाटत नाही. वैराग्य उपजले की माणूस घर सोडतो, एवढीच आपली समजूत. कॅथॉलिक पंथातील येशूसंघाची रीत याहून निराळी आहे.

संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा मूळचा लढवय्या. १५२१ साली पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर त्याचे मन पालटले. परंतु संघाला पोपची मान्यता मिळावयास १५४० साल उजाडले. मधल्या काळात हा गृहस्थ तिशी उलटल्यावर बार्सिलोनात पोरांच्या शेजारी बसून लॅटिन घोकीत होता!

त्याने घालून दिलेली पहिली पायरी दोन वर्षांची आहे. तीत महिनाभर मौनपूर्वक ध्यानचिंतन, रुग्णालयात सेवा, आणि पदरी पैसा न बाळगता भिक्षेवर केलेली पायी यात्रा, अशा कसोट्या असतात. आपल्या वारकऱ्यास यांतील शेवटची मुळीच परकी वाटणार नाही. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते. पुढे तत्त्वज्ञान, काही काळ अध्यापन, धर्मशास्त्र आणि पुरोहितदीक्षा. त्यानंतरही पुन्हा नवशिक्यासारखे बसावयाचे, आणि मगच अखेरची व्रते. दहाबारा वर्षे यात सहज जातात. कँडीहून १९५५ साली पुण्यास आलेल्या पेपल सेमिनरीमुळे असे दीर्घ अध्ययन महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले आहे.

एवढा विलंब कशासाठी? माझ्या मते यात मोठी दयाबुद्धी आहे. संघ उमेदवाराला पारखतो, तसाच उमेदवारही संघाला पारखतो. पहिल्या दोन वर्षांत, व्रते घेण्यापूर्वी, त्याला परत फिरण्याची मोकळीक असते. विसाव्या वर्षीच्या उमाळ्यावर साऱ्या आयुष्याची गाठ मारली जात नाही. आईबाप मात्र मुलाला पहिल्याच दिवशी अंतरतात. त्यांना उमेदवारीची सवलत नाही.

या वाटेने आपल्याकडे आलेला पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जन्म सुमारे १५४९, इंग्लंडातील विल्टशर परगण्यात. एलिझाबेथ राणीच्या अमलात कॅथॉलिकांवर कडक नजर होती. तो आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड रोमला जाण्याच्या बेतात असता पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटाच गेला, आणि १५७५ साली संघात दाखल झाला. त्याने रोमहून वरिष्ठांकडे मित्राची शिफारस केली, तेव्हा पाउंडला तुरुंगात असतानाच संघात घेण्यात आले. त्या बिचाऱ्याची उमेदवारी कोठडीतच झाली, आणि त्याचा तुरुंगवास सुमारे तीस वर्षे चालला.

१५७९ च्या एप्रिलात स्टीफन्स लिस्बनहून निघाला व ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. नोव्हेंबरात त्याने पित्यास पाठविलेले प्रवासवर्णनाचे पत्र प्रसिद्ध आहे. इंग्लंडला तो पुन्हा कधीच गेला नाही. साष्टीत त्याला जी माणसे भेटली, त्यांची देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली पाडली होती. हे विसरून त्याचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु सत्तेच्या सावलीत राहूनही त्याने लोकांची भाषा शिकण्याचे कष्ट टाळले नाहीत. कोकणीचे व्याकरण त्याने रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. मराठीचा अभ्यास तर त्याने इतका केला की, ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी त्याने आपल्या संतांचा ओवी छंदच निवडला. सुमारे ११,००० ओव्यांचे ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ग्रंथ रोमन लिपीत निघाला. गोव्यात पाऊल ठेवल्यास तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. पुढे तीनच वर्षांनी, १६१९ साली, तो तेथेच वारला.