इंच असो वा मिलिमीटर



उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्ज यांनी याचाच उपयोग करून घ्यायचं ठरवलं. पाऱ्याचा नाजूक वायुभारमापक आल्प्सवर चढवून नेणं मोठं जिकिरीचं. त्यापेक्षा पाणी किती अंशांना उकळतं तेवढं पाहावं, त्यावरून हवेचा दाब काढावा आणि दाबावरून उंची. आल्प्स आणि स्कॉटलंडमधल्या १७ नोंदी त्यांनी १८५७ साली प्रसिद्ध केल्या. तापमान फॅरनहाइटमध्ये, दाब पाऱ्याच्या इंचांत.

या नोंदींतून लघुतम वर्गांच्या पद्धतीने, म्हणजे बिंदूंपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशी रेषा काढली, की तिचा चढ येतो ०.५२३. उत्कलनबिंदू एक अंश वाढला, तर दाब अर्ध्या इंचाहून किंचित जास्त वाढतो. आता तापमान सेल्सिअसमध्ये लिहा. चढ होतो ०.९४१. दाबही मिलिमीटरमध्ये घ्या. चढ २३.९! म्हणून संबंध अधिक घट्ट झाला का? मुळीच नाही. सहसंबंध गुणांक तिन्ही वेळा ०.९९७ च आहे. एकक न सांगता नुसता चढ छापणारे अहवाल मला म्हणूनच खटकतात. त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

हे असं का होतं? इंचांचे मिलिमीटर केले की प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं उभं अंतर २५.४ पट होतं आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ६४५ पट. पण ही वाढ आपण काढू त्या प्रत्येक रेषेच्या वाट्याला सारखीच येते. त्यामुळे जिची बेरीज सर्वांत कमी होती, तिचीच कमी राहते. सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा, म्हणून चढही १.८ पट.

अंतःखंडाचं, म्हणजे शून्य अंशाला रेषा जो दाब सांगते त्याचं, मात्र वेगळं. फॅरनहाइटमध्ये तो उणे ८१ इंच, सेल्सिअसमध्ये उणे ६४, कारण शून्याची जागाच हलली. उणे दाबाला अर्थ नाही. फोर्ब्ज यांच्या नोंदी १९४ ते २१२ अंशांमधल्या, शून्यापासून फार दूर. रेषेला विचारायचं ते तिच्या टापूतलं. २१२ फॅरनहाइटला ती २९.७९ इंच सांगते, १०० सेल्सिअसला ७५६.६ मिलिमीटर. दोन्ही दाब एकच.

फोर्ब्ज यांच्या मते मात्र सरळ रेषेत येतो तो दाब नव्हे, दाबाचा लॉगॅरिथम. तसं केलं, तर इंचांचे मिलिमीटर करूनही चढाला धक्का लागत नाही. रेषा आहे तशीच वर सरकते.