आबूकीर येथील देवघेव

शर्यतींत पहिल्या आलेल्याचें नांव इतिहास लिहून ठेवतो. तो कोणाच्या साहाय्यानें पहिला आला, हें मात्र बहुधा लिहिलें जात नाहीं. १९३० सालच्या एका विमान-शर्यतीची हकीकत या दृष्टीनें ऐकण्याजोगी आहे.

आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी वैमानिक एकट्यानें, एका महिन्याच्या आंत, सर्वांआधीं पुरा करील त्याला तें मिळावयाचें होतें. कोणत्या टोंकाकडून निघावें याची मोकळीक होती. तिघे पुढें सरसावले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग ‘मिस इंडिया’ विमानांतून हिंदुस्थानांत पोंचले, पण मुदत उलटून गेल्यामुळें बक्षिसास मुकले. अस्पी इंजिनियर इंग्लंडहून पूर्वेकडे निघाले; वय अवघें १७. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले. ते २५ वर्षांचे. हिंदुस्थानांत वैमानिकाचा पहिला परवाना १९२९ च्या फेब्रुवारींत यांनाच मिळाला होता.

विमान दोघांचेंही जिप्सी मॉथ. लांकडी सांगाडा, वर कापड, दुहेरी पंख, उघडी बैठक आणि सुमारें १०० अश्वशक्तीचें चार सिलिंडरांचें एंजिन. बिनतारी यंत्र नाहीं. नकाशा मांडीवर ठेवावयाचा आणि खालचे रेल्वेचे रूळ, नदी किंवा किनारा पाहून मार्ग काढावयाचा. अशा विमानानें वाळवंटें व समुद्र ओलांडावयाचे, हें धाडस कीं अविचार, असा प्रश्न त्या वेळच्या वडीलधाऱ्यांना पडला असल्यास त्यांना दोष देतां येणार नाहीं.

ईजिप्तमध्यें आबूकीर येथें टाटा उतरले, तों इंजिनियर तेथें अडकून पडलेले! त्यांना प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. सिलिंडरमधील पेट्रोल व हवा यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटतें, आणि ती ठिणगी प्लगाच्या टोंकाशीं पडते. तें टोंक तेलानें वा काजळीनें माखलें कीं एंजिन अडखळूं लागतें. वस्तु अंगठ्याएवढी, पण ती नसेल तर विमान म्हणजे नुसतें लांकूड आणि कापड.

टाटांजवळ सुटे प्लग होते. प्रतिस्पर्धी जागीं खिळलेला, स्वतःची वाट मोकळी. चार सहानुभूतीचे शब्द बोलून ते पुढें गेले असते तर नियमभंग झाला नसता. त्यांनीं प्लग काढून दिले. श्रीमंताचें औदार्य स्वस्त असतें असें कोणी म्हणेल. पण येथें पैशाचा संबंध नव्हता. पुढें स्वतःचे प्लग बिघडले असते तर कोणत्याही धनानें ते वाटेंत उत्पन्न झाले नसते. इंजिनियर यांनीं बदल्यांत आपलें प्राणरक्षक जाकीट दिलें. टाटांना भूमध्य समुद्र अजून ओलांडावयाचा होता!

इंजिनियर कराचीस पोंचले आणि थोड्या तासांच्या फरकानें बक्षीस जिंकले. त्या यशामुळें त्यांना हवाईदलांत प्रवेश मिळण्यास मदत झाली, याचा आनंद टाटा पुढें बोलून दाखवीत. हेच इंजिनियर १९६० मध्यें भारतीय हवाईदलाचे प्रमुख झाले. मनमोहन सिंग १९४२ च्या मार्चमध्यें ऑस्ट्रेलियांतील ब्रूम येथें जपानी हल्ल्यांत मृत्यु पावले. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन आपलें पस मॉथ विमान अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरविलें, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट तें टपाल घेऊन बेल्लारीवरून मद्रासेस गेले.